रताळूचं चाक

सुधाकर दळवींना कारखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण सेफ्टी ऑफिसरची नजर काही निवृत्त झाली नव्हती. गोखिवऱ्यातल्या एका पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं तेच काम केलं होतं. कुठलं यंत्र उघडं आहे, कुठली वायर लोंबते आहे, कोणाचा शर्ट पट्ट्यात अडकू शकतो, हे बघत फिरायचं. आता ते घरात फिरत. दर रविवारी गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून बघत. माळ्यावरचं काही काढायचं असलं की बायकोला, आशालताबाईंना, स्टुलावर चढू देत नसत. सुनेने, सुरुचीने, वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं. "बाबा म्हणतात ना, मग राहू दे," एवढं बोलून ती कामाला लागे.

त्यामुळे नातीच्या, शाल्मलीच्या, नवव्या वाढदिवसाला मुलाने, संग्रामने, हॅमस्टर आणला तेव्हा आजोबा आधी प्राण्याकडे बघतील की पिंजऱ्याकडे, याची सगळ्यांना कल्पना होती.

उंदराच्या जातीचा तो प्राणी मुठीत मावेल एवढा होता. वरून तपकिरी, पोटाशी पांढरा, शेपूट म्हणजे नुसतं टोक. कोपऱ्यातल्या कागदाच्या भुग्यात अंग चोरून बसला होता. शाल्मलीने त्याला डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली, "हा भाजलेल्या रताळ्यासारखा दिसतो." त्याचं नाव रताळू पडलं.

सुधाकररावांनी चष्मा चढवला आणि पिंजऱ्याला बसवलेलं चाक बोटाने फिरवून पाहिलं. लोखंडी तारांचं चाक होतं, ताटलीएवढं. पळायची जागा म्हणजे नुसते आडवे गज, मध्ये फटी. एका बाजूला आरे आणि त्यांना जवळजवळ चिकटून उभा स्टँड.

"हे चालणार नाही," ते म्हणाले.

संग्राम हसला. "बाबा, दुकानात सगळे हेच देतात."

"सुरुची, गाजराची एक काडी दे."

तिने कोशिंबिरीसाठी चिरायला घेतलेल्या गाजराची पातळ काडी कापून दिली. त्यांनी ती आऱ्यांमधून आत घातली आणि चाक हलकेच फिरवलं. एक आरा स्टँडजवळ आला, कट्कन आवाज झाला आणि काडीचं टोक खाली पडलं. शाल्मलीने ते टोक उचललं, रताळूच्या पायाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"काढा ते," ती म्हणाली.

त्यांनी पक्कड आणून चाक सोडवलं.

दोन दिवसांनी वेगळीच तक्रार आली. दिवेलागण झाली की रताळू जागा होई आणि पिंजऱ्याचे गज चावू लागे. एकाच कोपऱ्यात, थांबून थांबून, तासन् तास. शाल्मली अभ्यास सोडून त्याच्यासमोर बसे. तिसऱ्या दिवशी ती आजोबांकडे आली.

"आजोबा, तुम्ही त्याचं चाक काढलंत. आता त्याने करायचं काय?"

हा प्रश्न सुधाकररावांच्या ओळखीचा होता. कारखान्यात फोरमन लोक याच सुरात विचारायचे. यंत्र बंद करणं सोपं असतं, साहेब, पण काम कसं करायचं ते सांगा. तेव्हा त्यांच्याकडे नेहमीच उत्तर असे असं नाही. नातीला मात्र उत्तर देणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी बुटांच्या खोक्याला भोकं पाडून ते दोघं रताळूला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. वसई स्टेशनच्या पश्चिमेला डॉक्टर ॲंजेला बसत. कुत्र्या-मांजरांच्या रांगेत हा एवढासा पेशंट बघून त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी रताळूला तपासलं, दात बघितले आणि म्हणाल्या, "गज चावतो कारण त्याला कंटाळा आलाय. हा रात्रभर मैलोन् मैल पळणारा प्राणी आहे. चाक काढलंत ते बरोबर केलंत, पण चाकाशिवाय ठेवू नका."

सुधाकररावांनी खिशातून वही काढली. "कसं हवं ते सांगा."

"पळायची जागा सलग हवी, एकही फट नको. मधून दांडा गेलेला नको. आणि मोठं हवं, निदान अकरा इंच. लहान चाकात पळताना पाठ उलटी वाकते. सारखं तसं पळून मणक्याला त्रास होतो."

"पाठ सरळ राहायला हवी," सुधाकररावांनी लिहिलं.

"आणि तो पारदर्शक गोळा मिळतो ना, आत हॅमस्टर घालून जमिनीवर सोडतात, तो घेऊ नका. त्याला बाहेर येता येत नाही, हवाही खेळत नाही. त्याऐवजी खोका मोठा घ्या. आत वीतभर तरी कागदाचा भुगा घाला, त्याला बीळ करू दे. खाणं वाटीत देऊ नका, भुग्यात पसरून द्या. शोधून खाल्लं की तो रमतो."

शाल्मली मन लावून ऐकत होती. "म्हणजे लपाछपी," ती म्हणाली.

"अगदी तसंच."

सुधाकररावांनी मोबाइलवरून एक चाक मागवलं. अकरा इंच म्हणून लिहिलं होतं, आलं ते पट्टीने मोजल्यावर साडेआठ भरलं. ते स्टँडवरही नीट बसेना, फिरताना खडखडे. ते परत पाठवलं. दुसरं मागवलं तर त्याच्या मधोमध दांडा निघाला. तेही परत गेलं. शेवटी त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि विचारलं की कोणी बनवून देईल का.

"देईल की," डॉक्टर म्हणाल्या. "भुईगावला एक लाकूडकाम करणारे आहेत. माझ्याकडचे पोपटांचे स्टँड त्यांनीच केलेत. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत त्यांना, पण काम बघत राहावं असं. लुईस तुस्कानो."

सुधाकररावांनी ते नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग त्यांनी नंबर लिहून घेतला आणि वही मिटली.

चार दिवस त्यांनी ती उघडली नाही. शाल्मली रोज शाळेतून आल्यावर विचारी, ते म्हणत, "बघतो." पाचव्या दिवशी आशालताबाईंनी चहाचा कप पुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"तो लुईस म्हणजे तुमच्या कारखान्यातला, प्रेसच्या यंत्रावरचाच ना?"

"तोच."

"मग जा. तुम्हाला आता नवं काही करायचं नाहीये, राहिलेलंच करायचंय."

शनिवारी शाळा लवकर सुटली. आजोबा आणि नात बसने भुईगावला गेले. लुईसचं घर केळीच्या वाडीला लागून होतं, बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये अर्धवट झालेल्या खुर्च्या, एक क्रूस, आणि खिडकीशी लाकूड कातायचा लेथ. लेथला पुढे जाड पारदर्शक प्लास्टिकचं आवरण होतं. सुधाकररावांचं लक्ष आधी त्याच्याकडेच गेलं.

लुईस पाठमोरे होते. केस सगळे पांढरे झालेले. त्यांनी वळून पाहिलं, यंत्र बंद केलं आणि हाताचा भुसा झटकला.

"दळवी साहेब," ते म्हणाले. "म्हातारे झालात."

"तुम्हीही."

"पूर्वी मला तू म्हणायचात."

लुईसने घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ते त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलले, ते सुधाकररावांना नीट कळलं नाही. सालोमी बाहेर आली, तिने शाल्मलीचा हात धरला आणि तिला सुकेळी दाखवायला ओट्यावर घेऊन गेली. उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांचा वास शेडपर्यंत येत होता.

दोघं बाकावर बसले. सुधाकररावांनी चाकाचा कागद खिशातून काढला, पण उघडला नाही.

"लुईस, आधी एक बोलायचंय. चाकाचं नंतर."

"बोला."

"त्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी राउंडला आलो होतो. तुझ्या प्रेसचा गार्ड, हातापुढचं ते आवरण, काढलेला मी पाहिला होता. मी सुपरवायझरला सांगितलं, दुपारपर्यंत लावून घ्या. यंत्र तिथल्या तिथे बंद करायला हवं होतं. ऑर्डरची घाई होती, मी दुपारपर्यंत म्हणालो. आणि पावणेबाराला..." ते थांबले. "नंतर चौकशीत कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं. मी सकाळी पाहिलं होतं हे त्यात नव्हतं. त्या कागदावर माझी सही आहे."

लुईस आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही दुसऱ्या पेरापासून नव्हती.

"गार्ड मीच काढला होता," ते म्हणाले. "गार्ड लावून तासाला तेवढा माल निघत नसे. हे खरंच आहे."

"असेल. पण बघून पुढे गेलो तो मी."

"मला माहीत होतं, साहेब. तुम्ही माझ्या मागे उभे होतात. तुमची सावली प्रेसवर पडली होती. मला वाटलं, आता हा ओरडणार. तुम्ही गेलात. हॉस्पिटलमध्ये खूप राग आला होता तुमचा. कागद वाचला तेव्हा त्याहून जास्त. नंतर मी सासऱ्यांकडे हे काम शिकायला लागलो. डाव्या हाताने पटाशी धरायला शिकायचं म्हणजे रागाला वेळ राहत नाही." ते जरासे हसले. "सोळा वर्षं तुमची वाट बघत होतो असं काही नाही. पण आलात आणि बोललात ते बरं झालं. हे कोणीतरी एकदा बोलायला हवं होतं."

सुधाकररावांनी मान हलवली. लुईसने माठातलं पाणी काढून दिलं, ते सुधाकरराव सावकाश प्यायले. ओट्यावरून शाल्मलीचा हसण्याचा आवाज येत होता.

"आता दाखवा कागद," लुईस म्हणाले.

चाकाच्या कागदावर दोघं अर्धा तास बसले. सुधाकररावांनी सगळं मोजून काढलं होतं. लुईसने अंगठा आणि करंगळीजवळच्या बोटात पेन्सिल धरून त्यात बदल केले. मागची तबकडी अखंड प्लायची, पुढून सगळं उघडं. कणा फक्त मागच्या बाजूला, एका लहान बेअरिंगवर, म्हणजे आत कुठेच दांडा येणार नाही. पळायची पट्टी पातळ प्लाय वाकवून, चार बोटं रुंद. आत पाय घसरू नये म्हणून कॉर्कचा थर.

"वरून पॉलिश मारतो, छान दिसेल," लुईस म्हणाले.

"नको. तो कुरतडणार. पॉलिश पोटात जाईल."

"मग लघवीने लाकूड खराब होईल."

"होऊ दे. खराब झालं की परत तुझ्याकडे येईन."

लुईसने कागदावर 'पॉलिश नाही' असं लिहिलं. मग शाल्मलीला बोलावून विचारलं, "पाय केवढा असतो गं त्याचा?" तिने बोटाच्या नखाचं टोक दाखवलं. "म्हणजे पट्टीत नख जाईल एवढीही फट नको," ते म्हणाले. "ठीक आहे."

आठवड्याने चाक तयार झालं. सुधाकरराव आणायला एकटेच गेले. त्यांनी ते उचलून उजेडात धरलं, कडेवरून सगळीकडे बोट फिरवलं, मग खिशातून गाजराची काडी काढली. लुईस हाताची घडी घालून बघत राहिले. काडी कुठेच अडकली नाही. जिथे चाक आणि स्टँड जवळ येत होते तिथे लुईसने इतकं अंतर ठेवलं होतं की काडी आरपार जाऊन परत येई. चाकाला हलका धक्का दिला तर ते कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहिलं.

"पास?" लुईसने विचारलं.

"पास."

दरम्यान घरात मोठा पारदर्शक प्लास्टिकचा खोका आला होता. त्याच्या झाकणाला संग्रामने जाळी बसवून दिली होती. सुरुचीने ऑफिसच्या सुट्टीत नारळाची करवंटी घासून, कडा गुळगुळीत करून त्याला दार कापलं. शाल्मलीने कागदी रुमालाच्या गुंडाळीतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या जमवल्या. वाळूवरून मात्र वाद झाला. हॅमस्टर वाळूत लोळून अंग साफ करतो हे कळल्यावर शाल्मलीला समुद्रावरची वाळू आणायची होती.

"ती खारट असते, शिंपल्यांचे तुकडे असतात," आजोबा म्हणाले. त्यांनी दुकानातून बारीक वाळू आणली, चाळली, धूळ निघेपर्यंत धुतली आणि भाजायला गॅसवर ठेवली. आशालताबाईंना ते कळलं तेव्हा वाळू त्यांच्या शेंगदाणे भाजायच्या कढईत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी कढई आणली आणि जुनी जावईबापूंना आंदण द्यावी तशी रताळूच्या नावाने बाजूला ठेवून दिली.

सगळं मांडून झालं. रताळू खोक्यात उतरला, करवंटीत शिरला, भुग्यात नाहीसा झाला आणि नळीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर आला. गज चावायला गजच नव्हते. त्याने सूर्यफुलाचं बी शोधलं, गालात भरलं, मिरवत बिळात नेलं. सगळं झालं, पण चाकाकडे तो फिरकला नाही. एकदा पुढचे पाय ठेवले आणि झटक्यात मागे सरला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शाल्मली म्हणाली, "त्याला आवडलं नाही का आजोबा? लुईस आजोबांना काय सांगायचं?"

"आधी बघू," ते म्हणाले.

संध्याकाळी ते खुर्ची घेऊन खोक्यासमोर बसले. टीव्ही बंद करायला लावला. तासाभराने रताळू आला, चाकावर चढला, आणि त्यांना दिसलं. चाकाचा स्टँड मऊ भुग्यावर ठेवलेला होता. रताळूचं वजन पडलं की स्टँड एका बाजूने किंचित खचत होता आणि पायाखालची जमीन हलली म्हणून तो मागे सरत होता.

त्यांनी लगेच फोन लावला. "लुईस, चाक बरोबर आहे. मांडणी माझी चुकली. खाली पक्कं काही नव्हतं, स्टँड भुग्यात रुततोय."

"उद्या येतो," लुईस म्हणाले.

ते आले ते चार पायांचा लहानसा पाट घेऊन. पाय खोक्याच्या तळाला टेकतील आणि पाट भुग्याच्या वर राहील अशा उंचीचा. सोबत सालोमीने दिलेली सुकेळीची पुडी होती. सुधाकररावांनी रताळूला त्यातला कण द्यायलाही नकार दिला, फार गोड म्हणून. लुईस म्हणाले, "मग तुम्ही खा." आणि त्यांनी खाल्लं.

पाट बसवला, वर चाक ठेवलं. सुरुचीने खिडकीचा पडदा ओढला. सगळे जमिनीवर बसले, संग्रामसुद्धा, ऑफिसची पिशवी खांद्यावरून न काढता. आशालताबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या.

रताळू करवंटीतून बाहेर आला. त्याने वाळूत दोनदा लोळण घेतली, मिशा साफ केल्या, पाटावर चढला. चाक हुंगलं. पुढचे पाय ठेवले, थांबला. मग मागचे ठेवले. चाक जरासं हललं, तो चालला. चार पावलं, मग दहा. मग तो पळायला लागला. त्याचे पाय दिसेनासे झाले. पाठ कशी सरळ होती, पट्टी ठेवावी तशी. आवाज म्हणाल तर फक्त कॉर्कवर पडणाऱ्या नखांचा, लांब कुठेतरी पाऊस पडावा तसा.

कोणी हललं नाही. शाल्मलीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. लुईस पुढे वाकून बघत होते, आणि सुधाकरराव लुईसकडे.

"केवढा पळतो," लुईस हळूच म्हणाले. "एवढ्याशा जीवाला जायचंय तरी कुठे?"

"कुठेच नाही," शाल्मली कुजबुजली. "त्याला नुसतं पळायचंय."

त्या दिवशी लुईस जेवून गेले. आशालताबाईंनी सुरमई तळली होती. लुईसने वसईच्या पाचूबंदरावरच्या मासळीला नावं ठेवू नयेत म्हणून आपण ती सकाळीच तिथल्या लिलावावरून आणली असं त्यांनी दोनदा सांगितलं. जेवताना कारखान्याचा विषय निघाला नाही असं नाही. निघाला, आणि ते जुन्या कँटीनच्या पातळ आमटीवर, एका विसराळू टाइमकीपरवर हसले.

डॉक्टर ॲंजेला यांनी रताळूच्या चाकाचे फोटो मागवून घेतले आणि दवाखान्यात लावले. महिनाभरात लुईसकडे अशा चाकांसाठी फोन येऊ लागले, वसईतून, नालासोपाऱ्यातून, विरारहून. कोणाचा हॅमस्टर मोठा, कोणाचा बुटक्या जातीचा. बुटक्याला आठ इंच पुरतात हे लुईसला एव्हाना पाठ झालं होतं.

आता दर बुधवारी सुधाकरराव भुईगावला जातात. शेडमध्ये खिडकीजवळ त्यांच्यासाठी एक खुर्ची ठरलेली आहे. लुईस चाकं करतात, सुधाकरराव तपासतात. फट, कड, कणा, आवाज. एखादं मनासारखं नसलं तर ते बाजूला ठेवतात. लुईस वाद घालतात, कधी चिडतात, मग कॉर्क उखडून परत लावतात. गेल्या बुधवारी सुधाकररावांनी एका चाकाची कड तीनदा घासायला लावली, तेव्हा लुईस म्हणाले, "तेव्हा एवढे कडक असता तर."

सुधाकररावांनी वर पाहिलं. लुईसच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते हाताने कड चाचपत होते, उरलेल्या बोटांनी, काळजीपूर्वक.

"हो," सुधाकरराव म्हणाले. "असायला हवं होतं."

लुईसने चाक पुन्हा घासायला घेतलं. सालोमीने घरातून जेवायला हाक मारली, आणि दोघांनीही एकदमच सांगितलं की हे एवढं संपवून येतो.